सिस्ट ८० टक्के कमी झाल्या, मग उरलेल्यांचं काय?

मी टॉक्सोप्लाझ्मावर काम करते असं सांगितलं की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात, मांजर पाळावं की नको आणि उंदीर खरंच मांजराला घाबरायचा थांबतो का. दोन्हीवर कधीतरी वेगळं लिहीन. आज विषय आहे औषधांच्या जोड्या. म्हणजे हा परजीवी उंदराच्या मेंदूत एकदा मुक्काम ठोकून बसला की दोन औषधं मिळून त्याला हलवू शकतात का, आणि तो हललाय हे आपल्याला कळतं कसं. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे आणि नेमका तोच सगळीकडे घाईघाईत उरकला जातो. 'कॉम्बिनेशन दिल्यावर मेंदूतल्या सिस्ट (परजीवींच्या भिंतीबंद गाठी) ८० टक्क्यांनी कमी' एवढं वाचून लोक खूश होतात, माझं डोकं मात्र आधी हे ८० मोजले कसे इकडे जातं आणि मग उरलेल्या २० कडे.

ज्यांना हा जीव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी, मलेरियावाल्या प्लाझ्मोडियमच्या नात्यातला. १९०८ मध्ये ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मॉन्सो यांना तो गुंडी नावाच्या एका छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना सशात. त्याची लैंगिक पिढी फक्त मांजरवर्गात होते पण राहायला त्याला जवळजवळ कुठलाही उष्ण रक्ताचा प्राणी चालतो, आणि जगातल्या साधारण एक तृतीयांश माणसांत तो आहे असा अंदाज दिला जातो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही.

पत्ता लागत नाही कारण त्याची दोन रूपं आहेत. पहिलं टॅकिझोइट, हे घाईतलं रूप, पेशीत शिरायचं, सहा-आठ तासांत दुप्पट व्हायचं, पेशी फोडून बाहेर पडायचं आणि पुढची पेशी गाठायची. आपली इम्युनिटी जागी झाली, विशेषतः इंटरफेरॉन गॅमा हे इम्युनिटीचं निरोप्या प्रोटीन वाढलं, की हे रूप मार खातं. पण तोपर्यंत काही परजीवी दुसऱ्या रूपात गेलेले असतात, ब्रॅडिझोइट, म्हणजे संथ रूप. ते पेशीच्या आतच भोवती भिंत उभी करतात आणि अशा शेकडो ब्रॅडिझोइटची मिळून एक सिस्ट होते. मेंदूत या सिस्ट प्रामुख्याने न्यूरॉनमध्ये असतात. माणूस ठणठणीत असेल तर हे असंच चालू राहतं, पण एड्समध्ये सीडी४ पेशी (इम्युनिटी चालवणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०० च्या खाली गेल्या, किंवा ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी दाबणारी औषधं सुरू झाली, की सिस्टमधून परजीवी बाहेर येतात, परत घाईतलं रूप घेतात आणि मेंदूला सूज येते. उपचार केला नाही तर माणूस जातो.

आता आजचा उपचार बघा, तो स्वतःच एक जोडी आहे आणि ती जोडी उंदरातच सापडलेली आहे. पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन. १९५३ मध्ये आयल्स आणि कोलमन यांनी दाखवलं की ही दोन औषधं एकत्र दिली की उंदरांत एकेकट्यापेक्षा कितीतरी चांगला परिणाम मिळतो. कारणही सरळ आहे, डीएनए बनवायला लागणारं फोलेट परजीवी स्वतः बनवतो आणि ही दोन औषधं त्या एकाच साखळीत दोन वेगळ्या ठिकाणी कात्री लावतात. पायरिमेथामिन आपल्याही बोनमॅरोला त्रास देतं म्हणून सोबत फॉलिनिक अ‍ॅसिड देतात, ते आपल्या पेशी वापरू शकतात, परजीवी वापरू शकत नाही. इतकी सुंदर रचना आहे की मला अजूनही ती शिकवायला आवडते. (पायरिमेथामिन ज्यांच्या कामातून आलं ते जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन, १९८८ चं नोबेल.)

पण ही साखळी तोडल्याने फटका बसतो तो भराभर डीएनए बनवणाऱ्याला. संथ बसलेल्या ब्रॅडिझोइटला विशेष घाई नसते. म्हणून पेशंट बरा होतो, सूज उतरते, पण सिस्ट तिथेच राहतात, आणि इम्युनिटी परत येईपर्यंत औषध चालू ठेवावं लागतं. एचआयव्हीच्या औषधांनी सीडी४ वर येऊन टिकल्या तरच ते थांबवता येतं. सात दशकं होऊन गेली तरी सिस्ट पूर्ण साफ करेल असं माणसाला देता येण्यासारखं औषध आपल्याकडे नाहीये.

म्हणून जोड्या शोधायच्या. आणि इथूनच उंदराचं राजकारण सुरू होतं.

पहिली गोष्ट कुठला परजीवी. लॅबमध्ये आरएच नावाचा एक स्ट्रेन, म्हणजे परजीवीचा एक वाण, आहे, १९३९ मध्ये वेगळा केलेला, तो उंदरात इतका जहाल की एकच जिवंत परजीवी सोडला तरी उंदीर मरू शकतो. त्याच्यावर औषध तपासणं सोपं, उंदीर जगला की औषध चाललं. पण त्याच्यात जुनाट इन्फेक्शन होण्याइतका उंदीर टिकतच नाही. जुनाट इन्फेक्शनसाठी एमई४९ किंवा प्रुनियोसारखे मवाळ स्ट्रेन लागतात जे नीट सिस्ट बनवतात. तरीही बरेचदा असं होतं की आरएचवर झकास चाललेलं औषध घेऊन कुणीतरी लिहितं 'टॉक्सोप्लाझ्मोसिसवर नवी आशा', आणि वाचणाऱ्याला वाटतं मेंदूतल्या सिस्टचाही प्रश्न मिटला. दोन वेगळे आजार असल्यासारखेच धरा ते.

दुसरी गोष्ट कुठला उंदीर. बाल्ब/सी जातीचा उंदीर या परजीवीला बऱ्यापैकी आवरून धरतो, मेंदूत सिस्ट कमी होतात. सी५७ ब्लॅक/६ जातीत सिस्ट भरपूर आणि मेंदूला सूजही भरपूर. यात फरक किती पडतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ग्वानाबेंझ. हे मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, परजीवीच्या प्रोटीन बनवण्याच्या कंट्रोलमध्ये ढवळाढवळ करतं म्हणून टॉक्सोप्लाझ्मावर वापरून बघितलं गेलं. बाल्ब/सी उंदरांत सिस्ट कमी झाल्या. सगळे खूश. मग तेच औषध सी५७ ब्लॅक/६ मध्ये दिलं तर सिस्ट कमी होण्याऐवजी वाढल्या! आणि त्याहून भारी म्हणजे, इन्फेक्शनमुळे उंदीर जे सैरभैर धावपळ करायचे ते वागणं दोन्ही जातींत नॉर्मलला आलं, मेंदूतली सूज कमी झाली म्हणून. २०१९ मध्ये हे आलं तेव्हा मी दोनदा वाचलं. म्हणजे सिस्टची संख्या आणि उंदराची तब्येत या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात. आपण सिस्ट मोजतो कारण त्या मोजता येतात, हे डोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवायलाच लागतं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी, औषध सुरू कधी केलं. उंदराला इन्फेक्शन दिलं की पहिल्या दोनेक आठवड्यांत घाईतलं रूप शरीरभर पसरतं आणि याच काळात मेंदूत पोचतं. सिस्ट बनणं, वाढणं, इम्युनिटीने बाकी सगळं साफ करणं, हे सगळं स्थिरस्थावर व्हायला महिना-दीड महिना तरी जातो. आता समजा मी तिसऱ्या दिवशीच दोन औषधं सुरू केली आणि दीड महिन्याने मेंदू काढून बघितला, तर सिस्ट कमी दिसणारच, कारण मुळात कमी परजीवी मेंदूपर्यंत पोचले. मी सिस्ट मारल्या नाहीत, बनूच दिल्या नाहीत. हेही उपयोगाचं आहे, नाही असं नाही, पण ज्याच्या मेंदूत वीस वर्षांपासून सिस्ट आहेत त्याला त्याचा काय फायदा? आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच छापला जातो, 'सिस्ट ८० टक्क्यांनी कमी'. त्यामुळे असा पेपर हातात आला की मी निष्कर्ष वाचायच्या आधी मेथडमध्ये जाऊन बघते की औषध इन्फेक्शननंतर कितव्या आठवड्यात चालू केलंय. पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आधी असेल तर पुढचं वेगळ्या नजरेने वाचायचं.

आता मोजणी. ही प्रत्यक्षात कशी होते ते सांगते कारण बाहेरच्या माणसाला वाटतं कॉम्प्युटर आकडा देतो. उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. तो एक मिलिलीटर सलाइनमध्ये घ्यायचा आणि सिरिंजने ओढायचा-सोडायचा, आधी जाड सुई, मग बारीक, मग त्याहून बारीक, असं करत करत दाट दुधाळ पाणी होईपर्यंत. जोर जास्त लावला तर सिस्ट फुटतात, कमी लावला तर गुठळ्या राहतात आणि गुठळीच्या आत काय आहे ते दिसत नाही. मग त्यातले थेंब स्लाइडवर. सिस्टच्या भिंतीवर एक विशिष्ट साखर असते, तिला चिकटणारं एक प्रोटीन कुळथाच्या बियांतून काढतात, त्याला चमकणारा डाय जोडलेला असतो, त्यामुळे अंधाऱ्या फील्डमध्ये सिस्टची कडा हिरव्या गोल कड्यासारखी उजळते. सुंदर दिसते खरं तर. आत बारीक दाणेदार गर्दी आणि भोवती हिरवं कडं. पण मेंदूच्या चुऱ्यात उगाच चमकणाऱ्या बऱ्याच फालतू गोष्टीही असतात, रक्तवाहिन्यांचे तुकडे वगैरे, आणि ही सिस्ट की कचरा हे ठरवणारी शेवटी मोजणाऱ्याची नजरच. म्हणून कुठला उंदीर कुठल्या ग्रुपचा हे मोजणाऱ्याला माहीत नसणं हे कागदी सोपस्कार नाहीत, त्याशिवाय तो आकडा मी धरत नाही.

आणि अख्खा मिलिलीटर कुणी मोजत नाही. १०० मायक्रोलीटर बघायचे, दहाने गुणायचं, झालं. शितावरून भाताची परीक्षा. आता शितावरून भात शिजलाय की नाही हे कळतं कारण सगळा भात एकाच पातेल्यात सारखा शिजतो, पण भातात खडा आहे की नाही हे एका शितावरून कसं कळणार? औषध नीट चाललं की सिस्ट म्हणजे तो खडा होतो. हिशोब करून बघा. मी मेंदूचा एक दशांश भाग बघितला आणि एकही सिस्ट दिसली नाही, तर साधा संख्याशास्त्राचा नियम सांगतो की त्या दहाव्या भागात सरासरी तीनपर्यंत असूनही नशिबाने शून्य दिसू शकतं, म्हणजे पूर्ण मेंदूत ३० पर्यंत सिस्ट असायला जागा आहे. शून्य लिहिलं तरी तीस असू शकतात. आणि इम्युनिटी गेल्यावर पेटायला तीस कशाला, एक पुरते.

यात भर म्हणजे सिस्ट सगळ्या सारख्या नसतात. काही २० मायक्रॉनच्या, काही ६० च्या. व्यास तिप्पट म्हणजे आकारमान सत्तावीस पट. समजा एका मेंदूत ९० छोट्या आणि १० मोठ्या सिस्ट आहेत आणि माझ्या जोडीने सगळ्या छोट्या साफ केल्या, मोठ्या तशाच. सिस्ट ९० टक्के कमी, टाळ्या. पण आतला ऐवज बघितला तर छोट्यांचा मिळून ९० आणि मोठ्यांचा २७०, म्हणजे ३६० पैकी फक्त ९० गेले, एक चतुर्थांश. हे उदाहरण मी बनवलेलं आहे, पण मुद्दा हवेतला नाही. २०१५ मध्ये अँथनी सिनाय यांच्या ग्रुपने उंदराच्या मेंदूतून सिस्ट शुद्ध करून आतले ब्रॅडिझोइट प्रत्यक्ष मोजले तेव्हा दिसलं की एकाच आकाराच्या दोन सिस्टमध्येही आतली गर्दी खूप वेगळी असू शकते, आणि आतले ब्रॅडिझोइट झोपलेले वगैरे नसतात, अधूनमधून विभागत असतात. ही दुसरी गोष्ट औषधवाल्यांसाठी खरं तर चांगली बातमी, कारण जो हलतो त्याला पकडायला काहीतरी मिळतं. पण तेव्हापासून नुसती सिस्टची संख्या दिलेला पेपर मला अर्धाच वाटतो.

मग पीसीआर का नाही करत? करतात. परजीवीच्या डीएनएत ५२९ बेसचा एक तुकडा शेकडो वेळा रिपीट झालेला आहे, त्याच्यावर पीसीआर केला तर अगदी थोडे परजीवीही सापडतात. पण पीसीआर मेलेल्याचा डीएनएही मोजतो. औषध थांबवल्यावर लगेच बघितलं तर मेलेल्या परजीवींचा कचरा अजून साफ झालेला नसू शकतो. मोजणीत कमी दिसतं, पीसीआरमध्ये जास्त, आणि खरं काय ते मधेच कुठेतरी.

आता जोड्यांकडे. सिस्टपर्यंत पोचायचं तर औषधाला आधी रक्त आणि मेंदूमधला पडदा ओलांडायचाय, तिथे काही औषधांना परत बाहेर ढकलणारे पंप बसलेत, मग न्यूरॉनमध्ये शिरायचंय, मग सिस्टच्या भिंतीतून, आणि शेवटी संथ बसलेल्या परजीवीला मारायचंय. एवढं सगळं करणारी औषधं मोजकी. १९९१ मध्ये अटोव्हाक्वोन सिस्टवरही चालतं असं दिसलं तेव्हा फार अपेक्षा होत्या. ते परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम बीसी१ नावाच्या यंत्रावर बसतं, म्हणजे विभागणीवर नाही तर ऊर्जेवर घाव, आणि ऊर्जा संथ परजीवीलाही लागतेच. उंदरांत सिस्ट कमी झाल्या, संपल्या नाहीत. मग २००२ मध्ये बेलग्रेडच्या ग्रुपने अटोव्हाक्वोनसोबत क्लिंडामायसिन लावून एमई४९ वर बघितलं. ही जोडी कागदावर मस्त आहे. परजीवीत अपिकोप्लास्ट नावाचा एक अवयव असतो, कुठल्या तरी प्राचीन शैवालाकडून आलेला, आपल्या पेशींत तो नसतोच, आणि क्लिंडामायसिन तिथलं प्रोटीन बनवणं बंद पाडतं. पण क्लिंडामायसिनची सवय विचित्र आहे, औषध लागलेली पिढी लगेच मरत नाही, पुढची पिढी मरते. आता ज्याची पुढची पिढी कधी येईल याचा भरवसा नाही अशा ब्रॅडिझोइटवर हे किती दिवस द्यायचं? म्हणून अशा जोड्या आठवडाभर देऊन निकाल लावणं मला पटत नाही.

नंतर आले ते एंडोचिनसारखे क्विनोलोन, ईएलक्यू. २०१२ मध्ये ईएलक्यू-३१६ आणि त्याच्या भावंडाने जुनाट इन्फेक्शन असलेल्या उंदरांत सिस्ट तीन चतुर्थांशाहून जास्त कमी केल्याचं आलं. हेही त्याच बीसी१ यंत्रावर बसतात, फक्त दुसऱ्या खाचेत. अटोव्हाक्वोन एका खाचेत, ईएलक्यू दुसऱ्या. इथे जोडीची कल्पना कुणालाही सुचेल, आणि बबेसिया नावाच्या दुसऱ्या एका परजीवीवर ती सुचून झालीये. २०१६ मध्ये इम्युनिटी नसलेल्या उंदरांत अटोव्हाक्वोन आणि ईएलक्यूचं एक रूप एकेकटं दिलं तर परजीवी परत उसळला, तोही त्या यंत्राच्या जीनमध्ये बदल घेऊन, आणि दोन्ही एकत्र कमी डोसमध्ये दिल्यावर पूर्ण साफ झाला, परत आलाच नाही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते 'इम्युनिटी नसलेल्या उंदरांत' हे शब्द. कारण तिथे लपायला जागा नाही, एक उरला तरी तो वाढून दिसणारच. अर्थात बबेसिया रक्तात असतो, मेंदूच्या पडद्यामागे नाही, त्यामुळे ते यश जसंच्या तसं इकडे आणता येत नाही.

जोडीचा हिशोब करताना अजून एक घोळ होतो तो म्हणजे सिनर्जी, म्हणजे दोघांचा मिळून अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम, हा शब्द सैल हाताने वापरणं. समजा पहिलं औषध एकटं ६० टक्के सिस्ट कमी करतं आणि दुसरंही एकटं ६० टक्के. दोघांनी एकमेकांना अजिबात मदत केली नाही, आपापलं काम केलं, तरी पहिल्यानंतर उरले ४०, त्यातले दुसऱ्याने ६० टक्के उडवले, उरले १६. म्हणजे ८४ टक्के घट ही नुसती अपेक्षित बेरीज झाली. मग '६० वरून ८४ वर गेलं, जबरदस्त सिनर्जी' असं म्हणणं बरोबर नाही. मोठा फरक दिसतो म्हणून लोक भुलतात. आणि उलट बाजूने, ८४ च्या ऐवजी ७० आलं तरी एकेकट्यापेक्षा ते जास्तच दिसतं, प्रत्यक्षात दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. हे सगळं कळायला नुसत्या व्हेइकलचा, म्हणजे औषध ज्यात विरघळवलंय तेवढंच दिलेला ग्रुप हवा, दोन एकेकट्यांचे ग्रुप हवेत आणि जोडीचा हवा. अर्ध्या डोसचेही असतील तर उत्तम.

प्लेटमधल्या पेशींवर चेकरबोर्ड, म्हणजे दोन्ही औषधांचे वेगवेगळे डोस चौकटीत एकमेकांशी जुळवून, सिनर्जी दिसली म्हणून उंदरात दिसेल असंही नाही. प्लेटमध्ये दोन्ही औषधं एकाच वेळी एकाच ठिकाणी असतात, उंदरात एक दोन तासांत लघवीवाटे जातं आणि दुसरं दिवसभर रक्तात रेंगाळतं. शिवाय औषधं लिव्हरमध्ये एकमेकांशी भांडतात. माणसांत रिफाम्पिसिन सोबत दिलं की अटोव्हाक्वोनचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं हे माहीत आहे. उलटही होऊ शकतं, एक औषध दुसऱ्याला लिव्हरमध्ये तुटू देत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं प्रमाण दुप्पट होतं आणि परिणाम वाढतो. तिला सिनर्जी म्हणायचं का? ते काम दुसऱ्याचा डोस वाढवूनही झालं असतं. त्यामुळे रक्तातली, आणि शक्य असेल तर मेंदूतली, दोन्ही औषधांची पातळी मोजलेली नसेल तर मी तरी निकाल राखून ठेवते.

असं म्हणजे मी सगळ्याच जोड्यांवर पाणी ओततेय असं नाही हं. मेंदूतल्या परजीवीवर जोडीने खरंच माणसांचं आयुष्य बदललेलं उदाहरण आहे, आफ्रिकेतला स्लीपिंग सिकनेस. मेंदूत पोचलेल्या आजारासाठी एकटं एफ्लॉर्निथिन द्यायचं तर १४ दिवसांत ५६ सलाइन. त्याच्याबरोबर तोंडाने निफुर्टिमॉक्स दिलं की एफ्लॉर्निथिनच्या ७ दिवसांत १४ सलाइनवर भागायला लागलं, आणि २००९ मध्ये ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. लांबच्या दवाखान्यात सहा-सहा तासांनी सलाइन बदलणाऱ्या नर्सला विचारा यात काय फरक पडला ते. आता यापेक्षाही सोपी गोळी आलीये, फेक्सिनिडाझोल, पण मधली बरीच वर्षं त्या जोडीने निभावून नेली.

तर उरलेल्यांचं काय, याचं उत्तर काढायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही कंटाळवाणे. एक, औषध बंद करून काही आठवडे नुसतं थांबायचं आणि मग उंदराला डेक्सामेथासोन पाण्यातून देऊन इम्युनिटी पाडायची. आत जिवंत काही असेल तर ते उठतं आणि उंदीर आजारी पडतो. दुसरा, त्या उंदराच्या मेंदूचा चुरा नव्या, इन्फेक्शन नसलेल्या उंदरांत टोचायचा आणि त्यांच्या रक्तात अँटिबॉडी येतात का, पुढे त्यांच्या मेंदूत सिस्ट बनतात का ते बघायचं. सिस्ट दिसली नाही, पीसीआर निगेटिव्ह आला, आणि तरी नवे उंदीर पॉझिटिव्ह झाले असं होऊ शकतं, आणि असं झालं की बाकी सगळे आकडे बाजूला. उलट पीसीआर पॉझिटिव्ह आणि नवे उंदीर सगळे कोरे राहिले, तर मला आत फक्त मेलेला डीएनए आहे असं म्हणायची हिंमत होते.

अडचण अशी की याला उंदीर लागतात. प्रत्येक टेस्टसाठी नवे, आणि उंदीर म्हणजे आकडा नाही, एकेक जीव आहे, एथिक्स कमिटी संख्या विचारते ते बरोबरच करते. चमकणारा परजीवी वापरून जिवंत उंदरातच इमेजिंग केलं तर तोच उंदीर परत परत बघता येतो, त्यामुळे संख्या थोडी खाली येते, पण मेंदूतल्या मोजक्या संथ सिस्टचा उजेड कवटीतून नीट बाहेर येत नाही. माणसाच्या स्नायूपेशींवर किंवा न्यूरॉनवर लॅबमध्ये सिस्ट वाढवून आधी तिथे जोड्या गाळून घेणं हा मला पटलेला मार्ग आहे. २०२० मध्ये बीएफडी१ नावाचा जीन सापडला, परजीवीला संथ रूपात न्यायचं बटणच ते, त्यामुळे हे काम आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय. दहा जोड्यांतून दोन निवडून त्याच उंदरांत न्यायच्या.

आमच्या पुढच्या प्लॅनवर सध्या यावरूनच सरांशी वाद चालू आहे. मंजूर उंदरांची संख्या ठरलेली, त्यात जोडीचा ग्रुप, एकेकट्यांचे दोन, व्हेइकलचा एक आणि अर्ध्या डोसचे असं सगळं बसवलं की डेक्सामेथासोन आणि नव्या उंदरांसाठी काही उरत नाही. सर म्हणतात, "अर्ध्या डोसचे काढले तर रिव्ह्यूअर सिनर्जी मान्य करणार नाही." मी म्हणते, "सर, सिनर्जी नको मान्य करू देत, आत काही जिवंत उरलं का ते तरी कळू दे." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये, रिव्ह्यूअर खरंच तेच विचारेल. मी अर्ध्या डोसचे दोन्ही ग्रुप काढून नवा तक्ता करून पाठवलाय, इमेजिंगमुळे जितके उंदीर कमी लागतील तेही त्यात धरलेत. उत्तर आलं की कळवेन, आणि कुणी अशा डिझाइनमध्ये अर्धे डोस आधी पेशींवरच उरकून उंदरांत फक्त पूर्ण डोस नेले असतील तर खाली लिहा, मला सरांना दाखवायला उपयोगी पडेल.